बाहेरची कडी

पाण्याची चार खोकी, वर अंड्यांचा एक ट्रे,
आणि हॉस्पिटलच्या चढावर (चढ कसला,
उम्म अल क्वैन पालथ्या ताटासारखं सपाट,
पण ऑगस्टमध्ये वाराच चढ होतो)
पॅडल एकदम हलकं झालं.

मागे पाहिलं. चेन डांबरावर
मेलेल्या दिवडासारखी.
उचलली, तर बोटं भाजली.

हमजाक्काला फोन केला.
तो म्हणाला, अंडी?
म्हटलं, अंडी आहेत.

मग ढकलत ढकलत जुन्या बाजारात,
खाडीकडच्या गल्लीत, जिथे भरतीला
आमच्या दाभोळसारखाच वास येतो,
फक्त त्यात चिखल कमी, मीठ जास्त.
तिथे अनीसुरचं दुकान. म्हणजे एक शटर,
एक पंखा आणि अडीच सायकली.
तो चांदपूरचा. बोलतो ती हिंदी
कुठल्याच देशाची नाही, आमची सगळ्यांची आहे.
चेन पुराना, तू पुराना, म्हणाला, सेम सेम.

बाहेरच्या कडीची एक पट्टी तुटली होती.
ती कडी त्याने काढून टाकली,
राहिली दोन टोकं, दोन्ही आतली.
आतलीला आतली जोडत नाही,
मध्ये बाहेरचीच लागते.

लोणच्याच्या बरणीतून एकेक जोडकडी काढून
तो लावून बघत होता.
ही गिअरवाल्या सायकलीची :
पिन पलीकडे पोचतच नाही.
ही पोचते, पण क्लिपची खाच आतच राहते.
ही कशाची, त्यालाही माहीत नव्हतं.
पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच,
सगळ्यांचं तेवढंच.
भांडण सगळं रुंदीचं.
आमच्या खोलीत आठ जण झोपतो,
मी काही बोललो नाही.

शेवटी तो दुकानामागे गेला.
तिथे कुंजुमोनची सायकल, भिंतीला टेकलेली,
सीटवर कबुतरांनी केलेलं सगळं.
कुंजुमोन माफीच्या वेळी गेला,
चावी देऊन, परत येतो म्हणून.
दोन वर्षं अनीसुरने तिला हात लावला नव्हता.
आज पक्कड लावली.
जोडकडी गंजलेली, पण रुंदी बरोब्बर.
रॉकेलच्या डब्यात टाकली तेव्हा
एक लालसर ढग वर आला.

बसवताना क्लिपचं उघडं तोंड त्याने पुढे ठेवलं.
उलटा, मी म्हणालो.
क्या उलटा?
तोंड मागे पाहिजे. पुढे असलं
तर काही आडवं आलं की अडकतं, आणि क्लिप उडते.
त्याने माझ्याकडे पाहिलं. तुझको कैसे मालूम?

खेडची आयटीआय, फिटर, दोन वर्षं.
व्हिसावरही तेच लिहिलंय म्हणतात,
अरबीत आहे, मला वाचता येत नाही.
निकम सर टेबलावर चेन पसरून सांगायचे,
ही ताणली असं म्हणू नका रे,
लोखंड कुठे ताणतं?
एकेक पिन केसभर झिजते
आणि शंभर केसांचं एक बोट होतं.

अनीसुरने पक्कड माझ्या हातात दिली.
तीन वर्षं चार महिने
या हाताला फक्त खोक्यांच्या कडा माहीत.
आधी पट्टी. मग क्लिप, तोंड मागे.
दाबली. बसेना.
घाम पुसला, परत दाबली.
टक.

त्याने पाच दिरहम सांगितले.
मी तीन काढले, त्याने दोन घेतले.
कुंजुमोनची चेन खिळ्याला टांगून
माझ्याकडे न बघता म्हणाला,
जुम्मा को आना. तीन पंक्चर है, एक ब्रेक है.
देखता मैं, म्हटलं.

चेन फिरताना त्या कडीपाशी
बारीक आवाज करते, अजून करते.
तेल सोडलं, तरी करते.

त्या दिवशी मात्र ऐकायला वेळ नव्हता.
अंडी उन्हात होती.